कवटीआडचा प्राणवायू

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाभोवती घरची मंडळी जमली की पहिली मागणी बहुधा एकच असते : "डॉक्टर, ऑक्सिजन लावा." ती गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के; पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा खातो. शिवाय साठवण म्हणून त्याच्याजवळ काही नाही. घटकेला आणावे आणि घटकेला खावे, असा त्याचा संसार. मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली उतरले की पेशी काम थांबवतात आणि १० च्या आसपास आले की मरू लागतात. या दोन आकड्यांच्या दरम्यान अडकलेला भाग मुका झालेला असतो, मेलेला नसतो. सारी धडपड त्याच्यासाठी.

बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र २०२० च्या साथीपासून पुष्कळ घरांत पोचले आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी त्याचे तत्त्व १९७४ साली मांडले. अंधारात विजेरीवर तळहात धरला की तो लाल दिसतो, हे मुलांनाही ठाऊक असते. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश बराचसा सोडते, रिकामे झालेले तो अधिक गिळते. अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत नेमके उलट. दोन्ही प्रकाश पाठवून, नाडीच्या ठोक्यासरशी त्यांत पडणारा फरक पाहून यंत्र प्रमाण काढते.

परंतु बोटावर ९८ दिसले म्हणून मेंदूचे भागले असे नव्हे. गावची टाकी काठोकाठ भरलेली आहे, पण एका आळीच्या नळात बोळा बसला आहे. टाकीवरची खूण वाचून त्या आळीतल्या घागरी भरल्या की नाहीत हे कसे कळावे? ब्रिटनमध्ये आठ हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात प्राणवायू कमी नव्हता त्यांना तो सरसकट दिल्याने मृत्यू वा अपंगत्व घटले नाही. गुठळी असेल तर ती हलली पाहिजे. विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच द्यायचे असते, आणि त्याआधी रक्तस्राव नाही ना हे सीटी स्कॅनने पाहावे लागते. नळकांडे शोधण्यात गेलेला अर्धा तास, आमच्या मते, फार महाग पडतो.

मग आळीतच डोकावता येईल काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली दाखवून दिले की तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, कातडी व हाड यांमधून पार होऊन मेंदूपर्यंत जातो. आता कपाळाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या चिकटवतात. प्रत्येकीत एक दिवा आणि दोन ग्राहक : जवळचा मुख्यतः कातडीचा हिशेब सांगतो, काही सेंटिमीटर दूरचा त्याखालचाही, एकातून दुसरा वजा करायचा. येथे नाडीची गरज नसते. मेंदूतील बरेचसे रक्त शिरांतले, म्हणजे वापरून उरलेले. त्यामुळे आकडा ६० ते ७० आला तरी घाबरू नये. एकट्या आकड्यापेक्षा तो कसा चढतो-उतरतो आणि डावी-उजवी बाजू किती वेगळी पडते, याला अधिक अर्थ आहे. मानेतील धमनी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेत, रक्त थोडा वेळ अडवले असता, अशी पाळत उपयोगी पडते.

झटका आलेल्या रुग्णाच्या उशाशी मात्र हे यंत्र अजून साह्यकारीच. प्रकाश दोन-एक सेंटिमीटरच खोल जातो. कपाळामागचा भाग दिसतो, मागचा वा खोलातला नाही. केसही आड येतात. आणखी एक चकवा आहे. मेलेला भाग प्राणवायू वापरतच नाही. त्यामुळे त्याच्यावर आकडा कधी कधी उत्तम दिसतो.