सॅचेल पेज

क्रिकेटमधील गोलंदाज आमच्या विद्यार्थिमित्रांस परिचित आहेच. अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत तेंच काम ‘पिचर’ करतो. मात्र त्याचा चेंडू टप्पा न घेतां थेट फलंदाजाकडे जातो. या कलेंत लेरॉय उर्फ सॅचेल पेज याच्या तोडीचे पुरुष थोडेच झाले.

अलाबामा संस्थानांतील मोबील शहरीं सन १९०६ मध्यें एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत त्याचा जन्म झाला. स्टेशनावर उतारूंच्या पिशव्या वाहतांना आपणांस ‘सॅचेल’, म्हणजे पिशवी, हें नांव पडलें असें तो सांगे. शाळा चुकविणें व किरकोळ चोरी यांवरून बाराव्या वर्षीं त्याची रवानगी सुधारगृहांत झाली, आणि चेंडू फेकण्याची खरी विद्या त्यास तेथेंच मिळाली!

सन १९२६ पासून तो धंदेवाईक खेळाडू झाला. परंतु मोठ्या लीगांचीं दारें कृष्णवर्णीयांस बंद होतीं. तसा लेखी नियम नव्हता. मालकांचा तो मुकाट्याचा संकेत होता. म्हणून पेज ‘नीग्रो लीगां’त खेळे व उरलेल्या दिवसांत गांवोगांव सामने करीत हिंडे. डिझी डीन, जो डिमॅजिओ यांसारखे गौरवर्णीय नामवंत प्रदर्शनीय सामन्यांत त्याच्याशीं खेळत. स्पर्धेंत मात्र नाहीं.

सन १९४७ मध्यें जॅकी रॉबिन्सन यानें हा अडसर काढला. पुढील वर्षीं, बेचाळिसाव्या वर्षीं, पेज क्लीव्हलंड संघांत आला. ही निव्वळ जाहिरातबाजी होय, असें कित्येकांनीं म्हटलें. त्यानें सहा सामने जिंकले, एकच हरला, आणि संघ जगज्जेता झाला. पाऊल पुढें टाकून हात क्षणभर रोखून धरण्याची त्याची एक युक्ति होती. फलंदाज आधींच बॅट फिरवून बसे. ती लीगच्या अध्यक्षांनीं बेकायदा ठरविली!

सन १९६५ मध्यें, एकूणसाठाव्या वर्षीं, तो कॅन्सस सिटीकडून पुन्हां उतरला. मालकानें गमतीखातर त्याच्यासाठीं झुलती खुर्ची व एक परिचारिका ठेविली होती. पेजनें तीन डाव टाकले व एकच फटका दिला.

बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत सन १९७१ मध्यें त्याची निवड झाली. प्रथम नीग्रो लीगांच्या खेळाडूंकरितां निराळा विभाग योजिला होता. ओरड झाल्यावर पूर्ण मान मिळाला. सन १९८२ मध्यें तो वारला. नीग्रो लीगांचे आंकडे अधिकृत नोंदींत सन २०२४ मध्यें मिळविले गेले. परंतु गांवोगांवच्या मैदानांवर त्यानें टाकलेल्या कित्येक डावांची कोणीं वहीच ठेविली नव्हती.