भोपाळचा वायू गर्भापर्यंत पोचला कसा?

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे ‘मिक’, शहरावर पसरला. कीटकनाशक बनवण्यासाठी साठवलेलं हे रसायन जेमतेम ३९ अंश सेल्सिअसला उकळतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती जमिनीलगतच्या झोपड्यांतून फिरली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे: जळजळणारे डोळे, सुजलेली फुप्फुसं, प्रेतांच्या रांगा.

बायकांच्या तक्रारी मात्र आणखीही होत्या. पाळी अवेळी येते, अंगावरून फार जातं, पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, तान्ह्याला पाजायला दूधच उतरत नाही. ‘घाबरलात म्हणून होतंय’, ‘अशक्तपणा आहे’ असं सांगून त्यांची बोळवण व्हायची. १९८५ मध्ये डॉ. राणी बंग (त्याच, ज्या पुढे गडचिरोलीच्या कामामुळे महाराष्ट्राला माहीत झाल्या) आणि डॉ. मीरा सद्गोपाल यांनी वायुग्रस्त वस्त्यांतल्या बायकांची रीतसर अंतर्तपासणी केली. गर्भाशयमुखाचे विकार, ओटीपोटातला दाह, पाळीतला अतिरिक्त रक्तस्राव हे सगळं मोठ्या प्रमाणात सापडलं. पाहणी लहानच होती, पण निदान कुणीतरी विचारलं होतं.

मग माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ दया वर्मा यांची पाहणी आली. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांची माहिती त्यात होती. त्यांपैकी ४३ टक्के गर्भ जिवंत जन्मलेच नाहीत. जी ४८६ बाळं जन्मली, त्यांतली १४ टक्के पहिल्या महिन्यातच दगावली. आधीच्या दोन वर्षांत हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

यावर शंका घेता येते, आणि ती रास्तही आहे. मध्यरात्री जीव मुठीत धरून पळालेल्या, घरातली माणसं गमावलेल्या बाईचा गर्भ नुसत्या धक्क्यानंही पडू शकतो. म्हणून वर्मांनी गाभण उंदरिणींना मोजून-मापून मिक हुंगवला. तिथे ना चेंगराचेंगरी होती ना आकांत, तरीही गर्भ मेले.

इथे रसायनशास्त्रच आडवं येत होतं. मिक इतका तापट की ओलसर पेशी दिसली की तिथेच भिडतो. म्हणजे तो फुप्फुसातच संपून जायला हवा, रक्तात उतरून गर्भाशयापर्यंत जाणार कसा? तज्ज्ञांचं हे म्हणणं कागदावर बिनतोड होतं. १९८८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेला मिक प्राण्यांना हुंगवला. काही मिनिटांत ती खूण रक्तात आली, आणि गाभण उंदरिणींच्या वारेत आणि गर्भातही सापडली.

कोडं सुटलं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. आपल्या पेशींत ग्लुटाथिऑन नावाचा एक छोटा रेणू असतो. तीन अमिनो आम्लांचा बनलेला, काम विषाला पकडून निकामी करण्याचं. मिकलाही तो पकडतो, पण ही पकड पक्की नसते. रक्तातून दूर गेल्यावर ती सुटते आणि मिक पुन्हा मोकळा होतो, पहिल्यासारखाच तापट. राखणदारानंच चोराला खांद्यावर बसवून आतल्या खोलीत नेऊन सोडावं, तसा प्रकार. गर्भाला झालेल्या इजेचं सगळं स्पष्टीकरण यात आहे असं नाही. आईचा श्वास कोंडून बाळाला कमी पडलेला प्राणवायू हेही एक कारण आहेच. पण ‘हे शक्यच नाही’ म्हणण्याची सोय तेव्हापासून उरली नाही.

माझ्या मते भोपाळचा खरा वैज्ञानिक धडा हा आहे की बायका जे सांगत होत्या ते आधी बरोबर निघालं आणि त्यामागचं रसायनशास्त्र काही वर्षांनी आलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तर आपले बहुतेक अभ्यास १९९४ मध्ये गुंडाळले. त्या रात्री पोटात असलेल्या मुली तेव्हा वयातही आल्या नव्हत्या.

आपल्याकडे तारापूर, तळोजा, महाड, लोटे अशा रासायनिक वसाहतींना लागून गावं आहेत. तिथल्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना एवढीच विनंती: बाईनं पाळी बिघडल्याचं किंवा पुन्हा गर्भ पडल्याचं सांगितलं, तर ती कुठे राहते, कुठे काम करते, पाणी कुठलं पिते, हे केसपेपरवर तारखेसह लिहून ठेवा.