आधी सुटका, मग आज्ञा : नियमशास्त्र आणि कृपा यांविषयीचे गैरसमज

ख्रिस्ती धर्मविचारात ज्या दोन शब्दांवरून जवळजवळ दोन सहस्र वर्षे वादविवाद झाले, धर्मपरिषदा भरल्या आणि प्रसंगी बहिष्कारही घातले गेले, ते शब्द म्हणजे नियमशास्त्र आणि कृपा. मराठी वाचकाला हे दोन्ही शब्द ऐकताक्षणीच परिचयाचे वाटतात आणि अडचण नेमकी तेथूनच सुरू होते. कारण ‘नियमशास्त्र’ म्हटले की कलमे, अपराध आणि शिक्षा यांचे दफ्तर त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ‘कृपा’ म्हटले की त्या दफ्तरातून आपले नाव वगळणारा माफीनामा. वस्तुतः मूळ हिब्रू शब्द ‘तोरा’ असा आहे आणि त्याचा प्रधान अर्थ शिकवण, मार्गदर्शन असा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या यहुदी विद्वानांनी त्याचे ग्रीक भाषांतर करताना ‘नोमोस’ हा कायदा या अर्थाचा शब्द योजला, आणि पुढे मराठी बायबलात तोच ‘नियमशास्त्र’ होऊन आला. या प्रवासात शब्दाचा दरारा कायम राहिला, पण त्यातील शिकवणुकीचे वात्सल्य मात्र मागे पडले. पुढील चारही गैरसमजांच्या मुळाशी थोड्याफार फरकाने हीच हानी आहे.

गैरसमज पहिला : जुना करार नियमांचा, नवा करार कृपेचा.

वस्तुस्थिती : ज्या ‘निर्गम’ नामक ग्रंथात दहा आज्ञा आल्या आहेत, त्यातील प्रसंगांचा क्रम ध्यानपूर्वक पाहिला, तर हा समज टिकत नाही. मिसर देशाच्या दास्यातून इस्राएल लोकांची सुटका चौदाव्या अध्यायात पुरी होते, सीनाय पर्वताच्या पायथ्याशी ते एकोणिसाव्या अध्यायात पोहोचतात आणि आज्ञा त्यांना मिळतात त्या विसाव्यात. त्या आज्ञांचा आरंभही हुकुमाने होत नाही. ज्याने तुम्हांला दास्यातून बाहेर काढले तोच मी, अशी आपली ओळख परमेश्वर प्रथम करून देतो, आणि यहुदी परंपरा तर या ओळखीच्या वाक्यालाच दहांपैकी पहिले वचन मानते. म्हणजे आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली नाही, तर सुटका झाली म्हणून आज्ञा आल्या. नियमशास्त्र हे जर केवळ मानेवरचे जू असते, तर त्याच्या प्रेमाने ओथंबलेले, हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांत क्रमाने गुंफलेले 176 चरणांचे एकशे एकोणिसावे स्तोत्र कोणी रचले असते काय?

दोन करारांमध्ये भिंत उभारण्याचा प्रयत्न फार पूर्वी झाला होता. मार्सियन नामक धर्मशिक्षकाने जुन्या कराराचा देव निराळा आणि ख्रिस्ताचा पिता निराळा असे प्रतिपादून, लूकचे शुभवर्तमान व प्रेषित पौलाची दहा पत्रे, तीही आपल्या मताप्रमाणे काटछाट करून, तेवढीच प्रमाण मानली, आणि इ. स. 144 च्या सुमारास रोमच्या ख्रिस्तमंडळीने त्याला बहिष्कृत केले. आधुनिक काळात बायबलचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी 1977 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पौलाच्या काळचा यहुदी धर्म हा पुण्याचा जमाखर्च मांडणारा धर्म नव्हता, त्यातही देवाची निवड व करार आधी आणि आज्ञापालन त्याच्या प्रतिसादादाखल होते, हे तत्कालीन यहुदी ग्रंथांच्या आधारे दाखविले. त्यांच्या सर्वच निष्कर्षांना मान्यता मिळाली असे नाही. परंतु यहुदी धर्माचे ते जुने विद्रूप चित्र त्यानंतर पहिल्याइतक्या सहजतेने रंगविणे विद्वानांना शक्य राहिले नाही.

गैरसमज दुसरा : कृपा आली म्हणजे आज्ञा रद्दबातल झाल्या.

वस्तुस्थिती : हा आक्षेप पौलाच्या हयातीतच त्याच्यावर घेतला जात होता, आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायारंभी तो स्वतःच हा प्रश्न उपस्थित करून त्याचा निःसंदिग्ध निषेध करतो. जे बदलले ते वेगळे होते. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात वर्णिलेल्या यरुशलेमच्या सभेने, यहुदी नसलेल्या श्रद्धावंतांवर सुंतेचा व मोशेच्या नियमशास्त्रातील समग्र विधींचा भार घालू नये असा निर्णय दिला. परंतु त्याच निर्णयात मूर्तींना वाहिलेले अन्न आणि जारकर्म यांसारख्या गोष्टी वर्ज्य कराव्यात, असेही बजावले.

सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा अग्रणी मार्टिन ल्यूथर याचाच सहकारी योहान आग्रिकोला याने पश्चात्तापाचा उपदेश नियमशास्त्राच्या आधारे करू नये असा पक्ष घेतला. दहा आज्ञांची जागा कचेरीत आहे, धर्मपीठावर नव्हे, असा त्याचा एकंदर रोख होता. कृपेचा सर्वांत मोठा कैवारी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या ल्यूथरनेच 1537 पासून या मताचे कडाडून खंडन केले. आणि त्याने मुलांसाठी व सामान्य गृहस्थांसाठी 1529 मध्ये लिहिलेल्या लघु प्रश्नोत्तरीचा आरंभ तर दहा आज्ञांनीच होतो. दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन याने नियमशास्त्राचे तीन उपयोग सांगितले : पाप्याला त्याचे खरे रूप दाखविणारा आरसा, दुष्टाला आवरणारा लगाम, आणि श्रद्धावंताला वाट दाखविणारा दिवा, या तिहींत त्याने तिसऱ्यालाच मुख्य मानले. ल्यूथरचा भर पहिल्यावर अधिक होता, हा भेद खरा आहे. पण आज्ञा रद्द झाल्या असे त्या दोघांपैकी एकानेही म्हटलेले नाही.

गैरसमज तिसरा : कॅथलिकांचे तारण कर्माने, प्रोटेस्टंटांचे कृपेने.

वस्तुस्थिती : मनुष्य आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर आज्ञा पुऱ्या पाळू शकतो, या पेलेजियस नामक धर्मशिक्षकाच्या मताशी धर्मपंडित ऑगस्टीनने आयुष्याच्या अखेरपर्यंत झुंज दिली आणि 418 च्या कार्थेज येथील परिषदेने ते मत त्याज्य ठरविले, ही परंपरा कॅथलिकांची आणि प्रोटेस्टंटांची सामाईक आहे. ल्यूथरच्या विरोधात भरलेल्या ट्रेंटच्या परिषदेनेही 1547 मधील आपल्या ठरावाच्या पहिल्याच कलमात, कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याला धर्मबाह्य ठरविले आहे. मतभेद होता तो अधिक सूक्ष्म. ख्रिस्ताचे नीतिमत्त्व पापी मनुष्याच्या खाती जमा धरले जाते, असे प्रोटेस्टंट पक्षाचे म्हणणे. तर कृपा मनुष्याच्या अंतःकरणात ओतली जाऊन त्याला खरोखरच नीतिमान करते आणि त्या कृपेने घडलेली सत्कर्मे त्याच्या वाढीस कारण होतात, असे कॅथलिक पक्षाचे. या प्रश्नावर जागतिक ल्यूथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्जबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या, आणि त्यात मांडलेल्या एकमेकांच्या शिकवणुकीला सोळाव्या शतकातील निषेध लागू पडत नाहीत, असे मान्य केले. मेथडिस्टांनी 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने 2017 मध्ये त्यास आपली संमती जोडली.

गैरसमज चौथा : पौल आणि याकोब परस्परविरोधी आहेत.

वस्तुस्थिती : नव्या करारातील पत्रांत हे दोघेही इस्राएलांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच दाखला देतात, हे खरे, आणि याकोबाच्या पत्राविषयी ल्यूथरचे मतही चांगले नव्हते. परंतु पौलाचा भर ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायावर आहे, जेथे अब्राहाम नुसता विश्वास ठेवतो. आणि याकोबाचा बाविसाव्यावर, जेथे तो विश्वास पुत्राच्या बलिदानापर्यंत कसोटीला लागतो. एक मुळाविषयी बोलतो, दुसरा फळाविषयी; आणि मूळ आधी की फळ आधी, याविषयी दोघांत तंटा नाही.

ज्याला हा सारा विचार एका प्रसंगात पाहावयाचा असेल, त्याने मत्तयाच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाचा दाखला पाहावा. एका चाकराकडे राजाचे दहा हजार टॅलंट देणे असते. एक टॅलंट म्हणजे सुमारे 6,000 डेनारियस आणि एक डेनारियस ही मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ही थकबाकी सुमारे सहा कोटी दिवसांच्या मजुरीची झाली, जी कोणाही मनुष्याकडून कोणत्याही जन्मी फिटणारी नव्हे. राजा ती सर्व माफ करतो, आणि तो चाकर बाहेर पडताच आपल्या सोबत्याला शंभर डेनारियसांच्या वसुलीसाठी गळा धरून तुरुंगात घालतो. राजाचा कोप होतो तो येथे. चाकराने राजाचे देणे फेडले नाही, याबद्दल त्याच्यावर कोणताही आरोप नाही. आरोप आहे तो, मिळालेली माफी त्याच्या हातांपर्यंत पोहोचली नाही, याचा. माफीपूर्वी त्याच्याकडे जे मागितले जात होते ते अशक्य होते, आणि माफीनंतर जे मागितले गेले ते फार थोडे होते : दुसऱ्याच्या गळ्यावरचा हात काढून घेणे. कृपेनंतर येणारी आज्ञा ती हीच.