काम काही नाही, पण वीज खातंय! जुने लॅपटॉप विकणाऱ्यांनी हे तपासाच



जुने लॅपटॉप घ्यायचे, नीट करायचे, विकायचे. पुण्यात कमी भांडवलात सुरू करता येईल असा हा धंदा. खर्च वाचवायला बरेच जण त्यात लिनक्स टाकतात. आणि मग गिऱ्हाइकाचा फोन येतो, "दादा, बॅटरी अडीच तासांतच उतरतेय." आपण काय करतो? नवी बॅटरी टाकून देतो. नफा गेला, तक्रार मात्र तशीच!

आता हिशोब बघा. समजा बॅटरी ४० वॅट-तासांची आहे आणि लॅपटॉप ८ वॅट खातोय. म्हणजे ५ तास मिळायला हवेत. पण आतलं वेगळं ग्राफिक्स कार्ड, जे कोणी वापरतच नाही, तेही ८ वॅट खात असेल तर? अडीच तास. बॅटरीचा दोषच नाही!

"वापरात नाही म्हणजे बंदच असणार ना?" इथंच गडबड होते. मशीन सुरू होताना कार्डाला वीज मिळते. ती कमी करायची कशी, हे त्या कार्डाच्या ड्रायव्हरला माहीत असतं. ड्रायव्हरच नसेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ते कार्ड सहसा चालूच ठेवतो. थोडक्यात, झोपवायलासुद्धा माणूस लागतो!

लिनक्समध्ये यासाठी 'रनटाइम पॉवर मॅनेजमेंट' आहे. २००९ साली २.६.३२ आवृत्तीत ते आलं. उपकरण किती जण वापरतायत याची मोजणी ठेवायची. मोजणी शून्य झाली की ड्रायव्हर त्याला झोपवतो, काम आलं की उठवतो. एनव्हिडिया कार्डांच्या 'नूवो' या मुक्त ड्रायव्हरमध्ये दोन कार्डांच्या लॅपटॉपसाठी ही सोय २०१३ मध्ये ३.१२ आवृत्तीसोबत आली. म्हणून "हे कार्ड नकोच" म्हणून ड्रायव्हर काढून टाकणं उलटं महागात पडू शकतं.

मग करायचं काय?

१. विकण्याआधी 'पॉवरटॉप' हे मोफत साधन चालवा. बॅटरीवर किती वॅट जातायत ते दिसतं.

२. नको असलेलं उपकरण बायोसमधून बंद होतंय का बघा. होत असेल तर सगळ्यात सोपं.

३. नाहीतर योग्य ड्रायव्हर ठेवा आणि त्या उपकरणाची वीज-सेटिंग 'ऑन'ऐवजी 'ऑटो' करा. मशीन रीस्टार्ट केल्यावर ती टिकते का, तेही बघा.

४. सगळंच 'ऑटो' करू नका. काही यूएसबी माऊस मध्येच झोपतात आणि गिऱ्हाईक वैतागतं. अर्धा तास वापरून बघा, मगच द्या.

आधीचे आणि नंतरचे वॅट एका कागदावर लिहून गिऱ्हाइकाला दाखवा. आकडा दिसला की विश्वास बसतो, आणि या धंद्यात पुढचं गिऱ्हाईक विश्वासावरच येतं.

आज एक लॅपटॉप उघडा आणि मोजा. बॅटरीची ऑर्डर उद्या द्या!