परीक्षानळीत उशिरा गोठणारे रक्त

मधल्या सुट्टीत पळताना गुडघा फुटतो, रक्त येते आणि थोड्याच वेळात थांबतेही. हे कसे घडते ते आपण वर्गात शिकवतो. रक्तवाहिनी फाटली की रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) तिथे चिकटतात, रक्तातली काही प्रथिने एकामागून एक कामाला लागतात, शेवटी फायब्रिनचे धागे विणले जातात आणि गुठळी बनते. पण याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हेच रक्त एरवी रक्तवाहिनीत का गोठत नाही?

याचे एक मोठे कारण म्हणजे रक्तवाहिनीचे आतले अस्तर. पेशींच्या एकाच थराचे हे अस्तर गुठळी होऊ न देणारी द्रव्ये सतत तयार करत असते. गोठवणारे आणि गोठू न देणारे घटक असा हा तोल आहे. काही माणसांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच हा तोल बिघडवते. त्या विकाराचा शोध मात्र एका विचित्र कोड्यातून लागला.

चाचणी एका रोगाची, सापडला दुसरा

१९०६ साली जर्मनीत ऑगस्ट फॉन वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंश या रोगासाठी रक्ताची चाचणी शोधली. रोग्याच्या रक्तातली प्रतिपिंडे ओळखणारी ही चाचणी होती. पुढे लक्षात आले, की तिच्यासाठी उपदंशाच्या जंतूंची गरजच नाही. निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही चालतो. १९४१ मध्ये अमेरिकेतील मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून त्यातला नेमका पदार्थ वेगळा केला. तो फॉस्फोलिपिड या गटातला मेदपदार्थ निघाला. हृदयातून मिळाला म्हणून त्याचे नाव कार्डिओलिपिन. असे मेद आपल्या पेशींतही असतात.

मग उपदंश नसलेल्या काही लोकांची चाचणीही ‘आहे’ असे का सांगते, याचा उलगडा होऊ लागला. यांपैकी काहींना ल्यूपस हा आजार होता. यात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते. १९५२ मध्ये अमेरिकेत कॉन्ली आणि हार्टमन यांना अशा रोग्यांत आणखी एक गोष्ट दिसली. त्यांचे रक्त परीक्षानळीत गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. रक्त उशिरा गोठते म्हणजे रोग्याला रक्तस्राव होणार, असेच कोणालाही वाटेल. पुढच्या काळात डॉक्टरांना दिसले ते उलटेच. यांतील बहुतेकांना रक्तस्राव होत नव्हता. उलट अनेकांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत होत्या!

१९८३ मध्ये लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे धागे एकत्र जुळवले. नीला आणि रोहिणी या दोन्हींत होणाऱ्या गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात आणि रक्तातली ही प्रतिपिंडे हा सगळा एकच विकार आहे, असे त्यांनी मांडले. त्याला आज अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. तो ल्यूपसबरोबर होतो, तसाच एकटाही होतो.

नळीत एक, शरीरात दुसरेच

कोड्याचे उत्तर असे. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना काम करायला फॉस्फोलिपिडचा पृष्ठभाग लागतो. तो जणू त्यांचा ओटा. परीक्षानळीत आपण हा मेद मोजून घालतो. प्रतिपिंडे तिथली जागा अडवतात, प्रथिनांना जागा उरत नाही आणि गोठणे लांबते.

शरीरात मात्र परीक्षानळीत नसलेल्या जिवंत पेशी असतात. रक्तातले बीटा-२ ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन त्यांच्या पृष्ठभागावर बसते आणि ही प्रतिपिंडे मुख्यतः त्यालाच चिकटतात. त्यामुळे अस्तराच्या पेशी, रक्तबिंबिका आणि काही पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात. गुठळी रोखणारे अस्तरच मग गुठळीला मदत करू लागते. तरीही प्रतिपिंडे असलेल्या प्रत्येकाला गुठळी होत नाही. बहुधा आणखी एक निमित्त लागते. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, धूम्रपान, गरोदरपण, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ही त्यांतली काही.

पायात काय घडते?

या विकारात बहुतेक वेळा गुठळी पायाच्या खोल नीलेत होते. रक्त परत जाऊ शकत नाही, म्हणून पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. रोहिणीतली गुठळी मेंदूत जास्त आढळते, पण ती पायातही होऊ शकते. तेव्हा चित्र नेमके उलटे असते. रक्त पोहोचतच नाही. पाय एकदम दुखू लागतो, पांढराफटक आणि गार पडतो, मुंग्या येतात, बधिरपणा येतो, नाडी लागत नाही.

वयस्क माणसांत पायाच्या रोहिण्या मेद साचून वर्षानुवर्षे हळूहळू अरुंद होतात. ठरावीक अंतर चालले की पोटरी दुखते, थांबले की राहते. तेवढ्या काळात आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंद होऊन थोडाफार पर्यायी रस्ता तयार करतात. अचानक आलेल्या गुठळीत ही सवड मिळत नाही. साधारण सहा तासांनंतर स्नायू आणि मज्जातंतू कायमचे निकामी होऊ लागतात. म्हणून मुरगळला असेल, शीर चढली असेल असे म्हणून तेल चोळत बसणे पाय गमावण्याइतके महागात पडू शकते.

रुग्णालयात हेपारिन देऊन गुठळी वाढणे थांबवतात आणि ती विरघळवतात किंवा बाहेर काढतात. त्यासाठी अमेरिकेतील थॉमस फोगार्टी यांनी टोकाला फुगा असलेली बारीक नळी तयार केली आणि १९६३ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुरुवातीचा फुगा त्यांनी रबरी हातमोज्याच्या बोटापासून केला होता. नळी गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि ओढून घ्यायचा.

पाय वाचला तरी ‘हे का झाले’ हा प्रश्न उरतोच. तरुण वयात रोहिणी बंद झाली, तर हृदयातून आलेली गुठळी, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होणारा बर्गरचा रोग यांच्याबरोबर या प्रतिपिंडांचाही विचार करावा लागतो. जंतुसंसर्गानंतर ती काही काळ उगाचच दिसू शकतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. निदान पक्के झाले तर बहुधा वॉरफरिन दीर्घकाळ, अनेकदा जन्मभर घ्यावे लागते आणि रक्त नियमित तपासावे लागते. नवी औषधे सोयीची असली तरी इथे सावधगिरी हवी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तिन्ही प्रकारची प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांना वॉरफरिनपेक्षा रिव्हारोक्सॅबानवर जास्त गुठळ्या झाल्या आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

वर्गात करून पाहा : मुलांना मनगटाची नाडी माहीत असते, पायाची शोधायला सांगा. एक आतल्या घोट्याच्या मागे, दुसरी पावलाच्या वरच्या बाजूला मध्याच्या आसपास लागते. दुसरी काही निरोगी माणसांतही सापडत नाही, म्हणून घाबरू नये. पण एकाएकी गार पडलेला, दुखणारा पाय दिसला तर वेळ घालवायचा नाही, हे मात्र मुलांनी घरी जाऊन सांगायला हवे.