तालमीतला फुटबॉल

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) फुटबॉल लीगमधल्या संघांची नावं वाचली, तर कुस्तीची दंगल भरल्यासारखं वाटेल : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. इथला फुटबॉल कंपन्यांनी किंवा बँकांनी उभा केलेला नाही. तो पेठेतल्या तालमींनी पोसला. म्हणूनच स्थानिक लीगचा सामना असला, तरी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, आणि भर उन्हातला गोलही पेठेत रात्रीपर्यंत चघळला जातो. मोठ्या शहरांतल्या अनेक क्लबांना पैसे ओतूनही असा प्रेक्षक मिळत नाही. माझ्या मते तालीम हीच या लीगची खरी ताकद आहे.

यावर आक्षेप येतो तो हुल्लडबाजीचा. तो खोटा नाही. समर्थकांची हाणामारी, दगडफेक, पोलीस बंदोबस्त हे सगळं इथे घडलं आहे. पण तो दोष निष्ठेचा नाही, शिस्तीचा आहे, आणि शिस्त लावता येते. निष्ठा विकत आणता येत नाही. दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो : तालमी खेळाडू घडवत नाहीत. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, पण घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. ईर्ष्येपोटी परदेशी खेळाडू आणण्यावर तालमी पैसा खर्च करतात. त्यातला थोडा जरी पेठेतल्या बारा वर्षांच्या पोरांसाठी चांगला प्रशिक्षक नेमण्याकडे वळला, तर पुढच्या अनिकेतला गाव सोडायची घाई करावी लागणार नाही.