गिअर बदलताना : दोन वेगांची जुळणी
(लेखांक ७)

गिअर बदलताना गाडीला बसणारा झटका हा हाताला सवय नसल्याचा परिणाम मानला जातो आणि म्हणून शिकाऊ चालकाचे सारे लक्ष गिअरच्या दांड्याकडे लागलेले असते. वस्तुतः इंजिनाचा फिरण्याचा वेग आणि चाकांकडून गिअरबॉक्सवाटे क्लचपर्यंत येणारा वेग यांत तफावत राहिली की झटका बसतो, आणि ती तफावत दांड्याने नव्हे, पायांनी मिटवायची असते.

मागील लेखांकात पाहिल्याप्रमाणे, इंजिनाबरोबर फिरणारे जड चक्र म्हणजे फ्लायव्हील आणि गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दंडावर बसवलेली क्लच प्लेट ही दोन एकमेकांवर दाबलेली असेपर्यंत एकाच वेगाने फिरतात. क्लचचे पेडल दाबताच ती सुटी होतात आणि प्रत्येकाचा वेग वेगळा होऊ शकतो. एका लहान गाडीचे उदाहरण घेतल्यास, दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर 1.9 आणि तिसऱ्याचे 1.3 असेल, तर ताशी 30 किलोमीटर वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे 2200 फेरे घेत असते, आणि गाडीचा वेग तोच राहिला तरी तिसऱ्या गिअरमध्ये त्याने सुमारे 1500 फेरेच घेतले पाहिजेत. हे 700 फेरे कमी होण्यास थोडा अवधी लागतो. क्लच दाबून ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन आपोआप मंदावते. ते 1500 च्या आसपास आले असताना क्लच सोडला तर प्रवाशाला काही जाणवत नाही, त्याआधी सोडला तर गाडी पुढे उसळते, आणि फार उशीर केला तर इंजिन अगदी संथ होऊन गाडीलाच मागे ओढते व बसलेल्यांच्या माना पुढे झुकतात. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना नवशिक्याची सर्वाधिक तारांबळ उडते, याचेही कारण हेच आहे: पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण 3.5 धरल्यास इंजिनाला एकाच बदलात आपला जवळजवळ निम्मा वेग टाकावा लागतो, तर वरच्या गिअरमधील अंतरे त्याहून बरीच कमी असतात.

खालचा गिअर टाकताना हिशेब उलटा होतो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना इंजिनाला 1500 वरून 2200 वर चढायचे असते आणि क्लच दाबलेला असताना ते स्वतःहून चढत नाही. म्हणून क्लच सोडण्यापूर्वी ॲक्सिलरेटर किंचित दाबावा लागतो, ज्याला चालकांच्या बोलीत ‘रेस देणे’ म्हणतात. ही लहानशी कृती प्रशिक्षणात बहुधा वगळली जाते, आणि वेग चढवताना सफाईने गाडी चालवणारा चालकही वेग उतरवताना झटके देतो, ते त्यामुळेच.

गिअरबॉक्सच्या आतही अशीच एक जुळणी व्हावी लागते, मात्र तिचा भार आता यंत्राने उचललेला आहे. 1928 मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक गाड्यांत अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची सिंक्रोमेश रचना प्रथम आली. तीत बहुधा पितळी मिश्रधातूची एक शंक्वाकार कडी दंतचक्रावर घासून दोन्ही भागांचे वेग सारखे करते आणि ते सारखे होईपर्यंत दाते एकमेकांत शिरू देत नाही. त्यापूर्वी चालकाला क्लच दाबून दांडा न्यूट्रलवर आणणे, क्लच सोडून रेस देणे आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकणे, अशी ‘डबल क्लच’ची कसरत करावी लागे. दांडा वाटेत क्षणभर अडल्यासारखा वाटतो तो क्षण या कडीच्या कामाचा असतो. तेथे हलका दाब कायम ठेवून थांबणे योग्य, आणि जोर लावून दांडा ढकलणे म्हणजे कडी झिजवणे होय. रिव्हर्स गिअरला अनेक गाड्यांत ही कडी नसते, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये. थांबल्यावरही तो करकरत असेल तर आधी पुढचा एखादा गिअर टाकून मग रिव्हर्स टाकावा, म्हणजे आतला फिरता दंड स्थिर झालेला असतो.

हाताचे काम या मानाने थोडे आहे. न्यूट्रलमध्ये मोकळा सोडलेला दांडा बहुतेक गाड्यांत स्प्रिंगमुळे आपोआप तिसऱ्या व चौथ्या गिअरच्या रेषेत येऊन उभा राहतो. म्हणून दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना तो मुठीत आवळून आडवा ओढण्याऐवजी तळव्याने सरळ पुढे नेला, की चुकून पहिला किंवा पाचवा पडण्याचा संभव उरत नाही.

गाडी जागेवरून हलवताना मात्र वेगांची तफावत टाळता येत नाही, कारण चाके स्थिर असतात आणि इंजिन फिरत असते; तेथे प्लेट थोडी घसरू देऊनच गती द्यावी लागते. हा ‘हाफ क्लच’ दोन-तीन सेकंदांपुरता असावा. घाटातल्या वाहनांच्या रांगेत हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे ही सर्वांत महागडी सवय होय. जळका वास येतो तो क्लच प्लेटच्या अस्तराचा असतो.

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत प्रशिक्षकाकडेही ब्रेक आणि क्लचची पेडले असणे आवश्यक असते, आणि सुरक्षिततेसाठी ती हवीतच; परंतु प्रशिक्षक स्वतःच क्लच सांभाळत राहिला, तर शिकणाऱ्याच्या डाव्या पायाला प्लेट नेमकी कोठे पकडते हे कधीच कळत नाही, आणि स्वतःची गाडी हाती आल्यावर ती पहिल्याच चौकात बंद पडते. म्हणून शिकणाऱ्याने आग्रहाने एक तास मोकळ्या मैदानात मागून घ्यावा, प्रशिक्षकाने पाय केवळ ब्रेकवर ठेवावा, आणि त्या तासात सपाट जमिनीवर ॲक्सिलरेटरला न शिवता, निव्वळ क्लच हळूहळू सोडून गाडी पुन्हा पुन्हा हलवण्याचा सराव करावा.